लोणारचं वय लिहायचंय, संदर्भ कोणत्या जर्नलचा द्यायचा?

तळ्याकाठची (लोणार तालुका, जि. बुलढाणा)

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बाबांची लोणारला, विवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची टपरी आहे. चहा पिताना लोक हमखास विचारतात, हे तळं किती वर्षांपूर्वीचं? बाबा वीस वर्षांपासून एकच आकडा सांगत आलेत, बावन्न हजार. गाईड लोकही तोच सांगतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका पर्यटकाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, काका, इथे तर पाच लाख सत्तर हजार लिहिलंय. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मला म्हणाले, "तू शिकून रायली ना, मंग नक्की काय ते पाहून सांग. मी लोकाईले खोटं सांगत होतो का एवढे दिवस?"

मी दीड वर्षापासून मराठी विकिपीडियावर लिहिते. आतापर्यंत गावं, देवळं, बारवा अशीच पानं केली. आता विवराच्या वयाचा परिच्छेद धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या पानावर) लिहायला घेतला आणि संदर्भापाशी येऊन अडले.

माझ्याकडे तीन निबंध आहेत. एक १९९७ चा, त्यात ५२ हजार वर्षं आलंय, अधिक-उणे ६ हजार. तो ब्राझीलच्या एका जर्नलमध्ये छापला होता. मला तो कुठेच मिळाला नाही, दुसऱ्यांच्या संदर्भयादीत फक्त नाव दिसतं. दुसरा २०११ चा, 'जिऑलॉजी' या जर्नलमधला. त्यात ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. त्याचा सारांश तेवढा उघडतो, पुढे पैसे मागतात. तिसरा पूर्ण आणि फुकट मिळाला, एका 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये. त्यात ५२ हजार लिहिलंय, पण ते कुठून घेतलं ते लिहिलेलं नाही. आमच्या कॉलेजचे एक सर म्हणाले, याला आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सहाच्या वर आहे, हाच दे. मी दिला. दोन तासांत कुणीतरी माझं संपादन उलटवलं. शेरा एवढाच, "विश्वासार्ह स्रोत नाही".

वाईट वाटलं. पण त्याहून जास्त हे कळेना की मग विश्वासार्ह कोणता हे ही माणसं ठरवतात कसं? जर्नलची यादी असते का कुठे? जाणकारांनी सांगावं.


कार्डेक्स_काका (मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला)

बेटा, आधी बाबांना सांग की ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा आकडा कुणीतरी प्रयोगशाळेत बसून मोजलेला होता. पुढे दुसऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीने मोजला, तो दहापटीहून मोठा निघाला. बाबांपर्यंत ती बातमी पोचवायचं काम आपलं होतं, ते आपण वेळेवर केलं नाही.

मी ३१ वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आता गावी असतो. दिवसा तूर-पऱ्हाटी, संध्याकाळी गच्चीवर, कारण रेंज तिथेच येते. लेख मी फारसे लिहीत नाही. दुसऱ्यांच्या वाक्याखालचे संदर्भ उघडून पाहतो, वाक्यात आहे ते तिथे खरंच आहे का, एवढंच. तुझं संपादन उलटवणारा मी नव्हतो, पण मीही ते उलटवलं असतं. कारण मात्र लिहिलं असतं. नव्या माणसाचं काम कारण न देता पुसणं मला मुळीच पटत नाही, आणि चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मी हे अनेकदा मांडलंय.

आता तुझ्या तिसऱ्या निबंधाबद्दल. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची ओळख पटवणारा नंबर. तुमच्या गोठ्यातल्या बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असेल, बारा आकडी. त्यावरून बैल कोणाचा ते कळतं. तो औताला चालतो की बसकण मारतो ते बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. आयएसएसएन तसाच. कोणीही नियतकालिक काढावं, अर्ज करावा, नंबर मिळतो. डीओआयचंही, म्हणजे एकेका निबंधाला मिळणाऱ्या नंबराचंही तेच, त्याने निबंधाचा पत्ता कायम राहतो, गुणवत्ता ठरत नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना एका वर्षात सरासरी किती ठिकाणी उद्धृत केलं गेलं तो आकडा. खरा आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. त्याच्यासारखी नावं घेऊन आकडे वाटणारी दुकानंही बरीच आहेत. 'आमचा इम्पॅक्ट फॅक्टर ६.८' असं मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरात दिसलं, तर तो कोणी दिला ते आधी बघ.

हे किती पसरलंय याचा एक दाखला देतो. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने कॅन्सरच्या औषधाबद्दल एक बनावट निबंध रचला. त्यात चुका मुद्दाम ढोबळ ठेवल्या होत्या, शाळेपुरतं रसायनशास्त्र शिकलेल्या माणसालाही दिसाव्यात अशा. खोट्या नावांनी तो ३०४ मुक्त, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांकडे पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. म्हणजे यादीत नाव आहे म्हणून निश्चिंत व्हावं, असंही राहिलं नाही.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट आहे, ती अजून टोचते. बढतीच्या गुणांसाठी एक प्राध्यापक निबंध छापून आणायचे. एकदा पैसे भरल्याची पावती आणि निबंध स्वीकारल्याचं पत्र, दोन्ही मला झेरॉक्सला दिली. दोन्हींत तीन दिवसांचं अंतर. तीन दिवसांत तो निबंध वाचला कोणी असेल? पुढे अंक आला आणि मी तो कार्डेक्सला चढवला. (कार्डेक्स म्हणजे नियतकालिकांचे अंक आले की नोंद करायचं लोखंडी कपाट, माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.) चढवणं माझं काम होतं. पण नावाजलेल्या 'करंट सायन्स'च्या शेजारच्या पट्टीवर त्याचं नाव लिहिताना हात जड झाला होता. पोरं दोन्ही अंक एकाच रॅकवर पाहणार आणि सारखेच मानणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

तू विचारलंस, यादी असते का. इंग्रजी विकिपीडियावर काही स्रोतांवर एकदा चर्चा झाली की निष्कर्ष नोंदवून ठेवतात, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांवर नजर ठेवायला एक यांत्रिक तपासणीही आहे. पण मुरलेला संपादक यादीपासून सुरू करत नाही, तो आधी आपलं वाक्य बघतो. तुझ्याकडे दोन वेगळ्या जातीची वाक्यं आहेत. 'लोणारचं विवर अवकाशातून आलेला अशनी आदळून झालं' हे एक. पूर्वी बराच काळ ते ज्वालामुखीचं मानलं जायचं. १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, तिथल्या बेसॉल्टमध्ये आघाताच्या प्रचंड दाबानेच होतात असे बदल त्यांनी दाखवले. पन्नास वर्षांत ते टिकलं. अशा वाक्याला कुठलंही चांगलं पाठ्यपुस्तकही चालेल. दुसरं वाक्य वयाचं. तिथे शास्त्रज्ञांचंच एकमत व्हायला वेळ लागला, म्हणून तिथे तोलून-मापून स्रोत लागतो.

आणि तोलायचं कोणी? आपण नाही. तू किंवा मी दोन निबंध समोर ठेवून 'हा बरोबर, तो चूक' असं लिहिलं तर ते आपलं मूळ संशोधन झालं, ज्ञानकोशात त्याला जागा नाही. तोलणारा तिसरा जाणकार शोधायचा, म्हणजे आढावा घेणारा निबंध. मराठीत याला 'दुय्यम स्रोत' म्हणतात आणि त्या शब्दाने फार घोटाळा केलाय. दुय्यम म्हटलं की आपल्याला दुय्यम निबंधक आठवतो, खालच्या दर्जाचा काहीतरी. इथे उलट आहे. प्राथमिक म्हणजे ज्याने प्रयोग केला त्याचं स्वतःचं सांगणं. दुय्यम म्हणजे असे अनेक प्रयोग एकत्र मांडून पाहणारा. ज्ञानकोशाला तो जास्त हवा असतो.

तुझ्या नशिबाने असा आढावा आहे. २०२० मध्ये 'ॲस्ट्रोबायॉलॉजी' या जर्नलमध्ये श्मीडर आणि क्रिंग यांनी पृथ्वीवरच्या आघात-विवरांच्या वयांची शिफारस-यादी छापली. पूर्ण निबंध फुकट उघडतो. त्यात त्यांनी प्रत्येक विवराच्या जुन्या-नव्या मोजण्या तपासून कोणतं वय धरावं ते सांगितलंय, आणि लोणारसाठी आर्गॉन पद्धतीचं, म्हणजे २०११ च्या मोजणीचं वय घेतलंय. तुझा मुख्य संदर्भ हा. 'जिऑलॉजी'चा त्याच्या जोडीला.

पद्धतीबद्दल दोन ओळी लिहिल्यास तर वाचकाला समजेल की फरक एवढा का पडला. १९९७ ची मोजणी थर्मोल्युमिनेसन्सची. उष्णतेने खनिजाची पाटी कोरी होते, मग आजूबाजूच्या किरणोत्साराने त्यात हळूहळू ऊर्जेचा साठा होत जातो, तो मोजायचा. पण काही खनिजांत हा साठा काळाबरोबर गळतो आणि वय कमी दिसू शकतं. २०११ ची मोजणी आर्गॉनची. ऑस्ट्रेलियाच्या कर्टिन विद्यापीठातले जूर्दां आणि सहकारी यांनी आघाताने वितळलेला खडक घेतला. पोटॅशियमचा एक प्रकार सावकाश आर्गॉन वायूमध्ये बदलतो, त्यावरून काळ काढायचा. त्यातही पेच आहे. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. वितळताना त्याचा जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नाही तर वय फुगून दिसतं. हा वारशाने आलेला आर्गॉन त्यांना गणितात वेगळा काढावा लागला. हे सगळं आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाबद्दल चाललंय. मराठीत हे नीट लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

आता ब्राझीलच्या निबंधाचं. तो तू वाचलेला नाहीस, म्हणून त्याचा थेट संदर्भ देऊ नकोस. ज्याच्यात वाचलंस त्याचं नाव दे आणि 'त्यात उद्धृत' असं लिही. हा नियम मी अतिशय कडकपणे पाळतो. न वाचलेल्या निबंधाचं नाव पुढे सरकत राहिलं की चुकीचा आकडा वीस जागी दिसतो आणि वीस साक्षीदार असल्यासारखा वाटतो. साक्षीदार असतो एकच.

पैशांच्या भिंतीबद्दल मला तुझी कळ समजते. हे फक्त तुझ्या-माझ्यापुरतं नाही. टेप्लिट्स्की, लू आणि ड्युएड यांनी इंग्रजी विकिपीडियातले जर्नलांचे संदर्भ तपासले होते. जर्नलची शास्त्रज्ञांमधली प्रतिष्ठा संपादकांना खेचतेच, पण त्याखेरीज मुक्त जर्नलाला संदर्भात जागा मिळण्याचे ऑड्स (मिळण्या-न मिळण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर) बंद जर्नलापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे जे उघडतं ते वाचलं जातं, जे वाचलं जातं ते संदर्भात दिलं जातं. खेड्यातल्या संपादकाला तर दुसरा मार्गच नसतो, आणि त्याच फटीतून तुझा तिसरा निबंध आत येतो, कारण तोही फुकटच असतो.

तीन वाटा आहेत. विकिपीडिया लायब्ररी नावाची सोय आहे, तिथून अनेक बंद जर्नलं संपादकांना फुकट वाचता येतात. खातं सहा महिने जुनं, एकूण ५०० संपादनं, गेल्या तीस दिवसांत दहा, आणि खात्यावर बंदी नको. दीड वर्षात तुझी ५०० झाली असतील, नसली तर होतील. दुसरी वाट, लेखकाला मेल टाकायचा. आमच्या वेळी यासाठी छापील पोस्टकार्डं असायची, निबंधाचं नाव भरायचं आणि टपालात टाकायचं. महिना-दीड महिन्याने जाड पाकीट यायचं, परदेशी तिकिटांचं. तिकिटं शिपायाची पोरं न्यायची. आता ते काम दोन दिवसांत होतं. तिसरी, आपली भारतीय जर्नलं. 'करंट सायन्स' १९३२ पासून निघतंय आणि फुकट वाचता येतं. परदेशी नाव नाही म्हणून त्यावरून पुढे सरकू नकोस.

एक शेवटचं. २००७ मध्ये फिन नील्सन या संशोधकाने विकिपीडियातल्या जर्नलांचे संदर्भ मोजले. 'नेचर', 'सायन्स' वर असणार हे ठरलेलंच. पण काही ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्राची जर्नलं अपेक्षेपेक्षा खूप वर दिसली. कारण काय, तर बँक्सिया नावाच्या तिथल्या झाडांवर काही संपादकांनी झपाटून लेख लिहिले होते. त्यांच्या मातीतली छोटी जर्नलं त्यांनी ज्ञानकोशात आणली. लोणारवर, बारवांवर, आपल्या काळ्या मातीवर हे कोणी केलेलं नाही अजून.


पऱ्हाटीवाला (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

काका, तुमचं लिवलेलं दोनदा वाचलं. मले पण एक इचारायचं होतं, याच्याशीच जुडलेलं आहे म्हणून इथंच इचारतो.

बीटी कापसाच्या एका लेखात कोणं तरी लिवलं का बीटीनं उत्पादन २४ टक्के वाढलं अन् नफा ५० टक्के. संदर्भ लय मोठा, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीचं जर्नल, २०१२ चं. आता एवढ्या मोठ्या जर्नलले मी काय म्हणू? पण २०१७ साली माह्या वावरात बोंडं फोडून पायली त आतून गुलाबी अळीनं पोखरलेली. सरकीसुद्धा खाल्लेली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसाच्या वर माणसं गेली. एक आमच्या शेजारच्या गावचा होता.

मी चर्चापानावर लिवलं का माह्या वावरात बीटीवर अळी होती, सगळ्या गावात होती, हे पण लिवा. त उत्तर आलं, 'मूळ संशोधन चालत नाही'. मी चूप बसलो. पण काका, आमचं वावर म्हणजे काहीच नाही काय? जे डोयानं पायलं ते लिवता येत नाही अन् दुरून कोणं मोजलं ते लिवता येते, हे मले अजून पटलं नाही.


आरमोरीची_सिस्टर (जि. गडचिरोली)

मी एएनएम आहे, आशाताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. आरोग्याच्या पानांवर थोडंफार लिहिते, तिथे नियम याहून कडक आहेत, म्हणून भर घालते.

जर्नलचं नाव मोठं म्हणून डोळे मिटून टाकू नये हे मी एकाच जर्नलवरून शिकले, 'लॅन्सेट'वरून. डिसेंबर १९९९ मध्ये त्यात आमच्या जिल्ह्याचा निबंध आला, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा. ३९ गावांत प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू, म्हणजे जन्मल्यापासून पहिल्या २८ दिवसांतले, ६२ टक्क्यांनी कमी झाले. आणि त्याच लॅन्सेटमध्ये फेब्रुवारी १९९८ मध्ये १२ मुलांवरचा एक निबंध आला होता, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. तो २०१० मध्ये जर्नलने मागे घेतला. दोन्हींत दोन वर्षांचंही अंतर नाही. आजही एखाद्या गावात आई गोवराच्या लसीला नाही म्हणते तेव्हा कुठूनतरी त्याच मागे घेतलेल्या निबंधाचं शेपूट निघतं, व्हॉट्सॲपवरून.

तरी आमच्या गडचिरोलीच्या निबंधावर एकट्यावर मी वाक्य उभं करत नाही, कितीही अभिमान असला तरी. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये गोगिया आणि सचदेव यांचा आढावा आला, त्यात दक्षिण आशियातले असे प्रयोग एकत्र तपासलेत. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. मी संदर्भ या दोघांचे देते, आणि 'सुरुवात कुठे झाली' या वाक्यापुरता १९९९ चा निबंध.

ताई, निबंध टाकण्याआधी तो मागे घेतला गेलाय का हे नक्की बघ. रिट्रॅक्शन वॉच म्हणून मागे घेतलेल्या निबंधांचा नोंदसंग्रह आहे, तो सगळ्यांना खुला आहे. निबंधाचं नाव टाकलं की एका मिनिटाचं काम.


कार्डेक्स_काका

सिस्टर, एकाच जर्नलची ही दोन टोकं माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. १९९९ चा तो अंक मी पाहिलेला आहे, अकोल्याला एका मोठ्या ग्रंथालयात. आमच्याकडे लॅन्सेट येत नसे.

भाऊ, तुमचा प्रश्न मला दोन दिवस छळत होता, म्हणून उशीर झाला. त्या पानावर तुम्हाला मिळालेलं उत्तर नियमाला धरून होतं, पण अर्धवट होतं. 'तुमचं वावर चालत नाही' एवढं सांगून थांबायला नको होतं. 'तुमच्या वावरात जे झालं ते कोणी मोजून छापलंय का, चला शोधू' असं म्हणायला हवं होतं.

छापलंय. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या नाईक आणि सहकाऱ्यांनी कापूस पिकवणाऱ्या राज्यांतून गुलाबी बोंडअळ्या गोळा केल्या आणि प्रयोगशाळेत त्यांना बीटी कपाशीच्या झाडात तयार होणारी दोन्ही विषं खाऊ घातली, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी. अळ्या दोन्हींना पुरून उरल्या. हा निबंध २०१८ मध्ये 'पेस्ट मॅनेजमेंट सायन्स'मध्ये आहे. त्याच जर्नलमध्ये २०११ मध्येच धुरुआ आणि गुजर यांनी पहिल्या विषाबद्दल हे दाखवलं होतं. तुमच्या बोंडात जे दिसलं त्याच्या सहा वर्षं आधी. ते वेळेवर मराठीत आलं असतं तर, असं वाटत राहतं.

आता २४ टक्क्यांच्या निबंधाबद्दल. काठागे आणि क्वाइम यांचा तो, खोटा नाही, मागे घेतलेलाही नाही. पण त्यातली माहिती २००२ ते २००८ ची आहे, चार राज्यांतल्या शेतकऱ्यांना पुन्हापुन्हा भेटून घेतलेली, त्यात महाराष्ट्रही होता. त्या वर्षांत गुलाबी अळी अजून मोठ्या प्रमाणात उलटलेली नव्हती. तुम्हालाही ती वर्षं आठवत असतील, आमच्याकडे तेव्हा फवारे खरंच कमी झाले होते. पुढे २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये केशव क्रांती आणि स्टोन यांचा वीस वर्षांचा आढावा आला. सुरुवातीचा फायदा टिकला नाही आणि शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याच्या आधीपेक्षाही वर गेला, असं त्यांनी दाखवलं. हे सगळे निबंध मोठ्या जर्नलांत आहेत. म्हणून चूक जर्नलच्या निवडीत नव्हती. 'उत्पादन २४ टक्के वाढलं' या वाक्याला वर्षं लावलेली नव्हती, तिथे चूक होती. २००२ ते २००८ एवढे शब्द घाला, तेच वाक्य खरं होतं. त्याच्या खाली २०१८ आणि २०२० ची दोन वाक्यं येऊ द्या. मी चर्चापानावर हे सगळं मांडलंय. तुम्ही तिथे सही करा. पहिला आवाज तुमचाच होता.

शेजारच्या गावच्या त्या माणसाबद्दल वाचून वाईट वाटलं.


पऱ्हाटीवाला

सही केली काका. २०११ चं वाचून लय येळ बसून रायलो. त्या सालापासून सहा वर्षं आम्ही तेच बियाणं पेरत होतो. सालाची गोष्ट आता ध्यानात ठेवीन, कोणताई आकडा दिसला का आधी साल इचारीन.


तळ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस लागले, पण २०२० चा आढावा पूर्ण वाचला. लोणारची ओळ शोधायला यादीत बरंच खाली जावं लागलं. सापडली तेव्हा एवढ्या सगळ्या देशांच्या विवरांमध्ये आपलं नाव पाहून अंगावर काटा आला. विकिपीडिया लायब्ररीसाठी माझी संपादनं ४६२ भरली, म्हणजे थोडीच कमी पडतायत. तोवर 'जिऑलॉजी'च्या लेखकांना मेल टाकलाय, उत्तर यायचंय. सिस्टर, तिन्ही निबंध रिट्रॅक्शन वॉचवर तपासले, कोणताच मागे घेतलेला नाही. जो फुकटचा तिसरा होता, त्यातला विवराचा फोटो मात्र दुसऱ्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला निघाला. सरांना दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, २०२० च्या आढाव्याची लिंक मला पाठव.

धूळपाटीवर एवढं लिहिलंय:

"लोणार विवराच्या वयाबद्दल वेगवेगळे अंदाज आहेत. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने १९९७ मध्ये ते ५२,००० वर्षे ठरवण्यात आले. आघाताने वितळलेल्या खडकाच्या आर्गॉन-आर्गॉन कालमापनातून २०११ मध्ये ते ५,७०,००० वर्षे आले. पृथ्वीवरील आघात-विवरांच्या वयांच्या २०२० मधील आढाव्यात आर्गॉन पद्धतीचे वय स्वीकारले आहे."

पहिल्या आकड्याला 'त्यात उद्धृत' लावलंय, काका, तुम्ही सांगितलं तसं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे आता लोकाईले दोन्ही सांगावं लागन, आधी असं मोजलं होतं, मंग तसं मोजलं." काल टपरीवर एका शाळेच्या सहलीला त्यांनी तसंच सांगितलं, आणि पोरांनी विचारलं, मोजलं कशावरून? तेव्हा त्यांनी बाहेर पडलेला काळा दगड उचलून पोरांच्या हातात दिला.

पान आता टाकू का?


कार्डेक्स_काका

टाक. त्याआधी एक दुरुस्ती. दोन्ही आकड्यांपुढचं अधिक-उणे सुटलंय. ५२,००० ला ६,००० आणि ५,७०,००० ला ४७,०००. दुसऱ्याची चूकमर्यादाच बाबांच्या जुन्या आकड्याएवढी आहे जवळजवळ. ती लिहिली नाही तर वाचकाला वाटेल कोणी तारीख पाहून आलं.

'आर्गॉन-आर्गॉन कालमापन' याला दुवा दे. लाल दिसेल, ते पान मराठीत नाही. तुझ्या ४६२ ची ५०० तिथे भरतील.